पाठ नसलेलं पान

मोसरीड, स्मोलांड, स्वीडन
४ ऑक्टोबर १८५७

प्रिय होकान यास, मुक्काम मिनेसोटा, अमेरिका,

ईश्वराची कृपादृष्टी समुद्राच्या त्या तीरावरही तुझ्यावर राहो. तुझी आई इंग्री पेर्सदोत्तर माझ्यासमोर बाकावर बसून सांगत आहे आणि मी लिंडरूथ लिहीत आहे. तुला देवी टोचणारा, चर्चची घंटा वाजवणारा आणि तुझ्याकडून स्तोत्रे घोटून घेणारा तोच मी.

तुझी आई म्हणते, तिची प्रकृती ठीक आहे. राईचे पीक बरे आले. बटाट्यावर यंदा रोग पडला नाही. लाल गाय म्हातारी झाली आहे, ती नाताळपर्यंत निघेल असे वाटत नाही. तुझा पत्ता शेजारच्या गुमेसनच्या तिकडे गेलेल्या पुतण्याच्या पत्रातून मिळाला. पाच वर्षांत तुझे एक अक्षर आले नाही, परंतु त्याबद्दल ती तुला दोष देत नाही.

(येथे तुझी आई उठून खिडकीशी जाऊन आली. – लिं.)

तुला कळावे म्हणून लिहिते की लोविसा वसंतात मोसरीडला परत आली. तिचा नवरा, तो योन्शोपिंगचा जोडे शिवणारा, पटकीने वारला. तिला चार वर्षांची मुलगी आहे. ती शिपायाच्या रिकाम्या घरात राहते व लहान मुलांना अक्षरे शिकवते. चर्चमध्ये बायका तिच्या शेजारी बसत नाहीत. म्हणतात, हिने होकानला वाऱ्यावर सोडले आणि जोड्यांचा दुकानवाला गाठला, आता भोगते आहे.

त्या फेब्रुवारीच्या सकाळविषयी मला तुला काही सांगायचे आहे.

(येथे तुझी आई "नको, खोडा" असे म्हणाली. मी खोडलेले नाही, कारण मी आजवर कागदावर खाडाखोड केलेली नाही. पुढे ती काही सांगत नाही. – लिं.)

आणखी सांगण्यासारखे विशेष नाही. वृद्ध पाद्रीसाहेब वारले. नवे पाद्री एक्मान तरुण आहेत व चष्मा लावतात. हिवाळ्यातील घरपरीक्षा, म्हणजे सर्वांच्या वाचनाची तपासणी, या वर्षी ते घेतील. तुझ्या आईस त्याची चिंता नसावी, हे मी माझ्या पदरचे लिहितो. सबंध मोसरीडमध्ये तिच्याइतके अस्खलित वाचणारी बाई नाही. चर्चच्या मोठ्या वहीत तिच्या नावापुढे चाळीस वर्षे "उत्तम" अशीच खूण आहे, आणि त्यांतील वीस मी माझ्या हाताने केल्या आहेत.

तुझ्या आईने सही म्हणून खाली तुमच्या घराची खूण केली आहे: दोन उभ्या रेघा, एक आडवी. लिहिता येत नाही यात कमीपणा काही नाही. आपल्याकडे वाचणे सर्वांना येते, लिहिणे थोड्यांना.


मोसरीड
१३ डिसेंबर १८५७

होकान,

पहिल्याच ओळीला तुझा हात थांबला असेल. अक्षर ओळखलंस ना? हो, लोविसाचंच आहे, मी सांगते आणि ती लिहिते. पत्र चुलीत घालू नकोस. ती म्हणते, घातलं तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचून मग घाल.

मागचं पत्र मास्तरांनी लिहिलं होतं. ते म्हणजे तिजोरी आहेत, पण झाकण उघडं असलेली. त्यांच्या लेखणीतून मला काही बोलता येईना. आज बोलते.

मी लोविसाचं पत्र लपवलं नव्हतं. मला वाचता येत नाही.

(हे वाक्य मावशींनी मला तीन वेळा वाचून दाखवायला लावलं, बरोबर लिहिलंय का बघायला. – लो.)

आता तू म्हणशील, म्हातारीला भ्रम झाला. तू लहान असताना चुलीपाशी बसून तुझ्याकडून धर्मपाठ म्हणवून घेणारी मी, एक शब्द चुकलास तरी न बघता ओळखणारी मी. न बघताच रे! बघून काय कळणार होतं? तू पाच वर्षांचा असताना पुस्तकात बोट ठेवून विचारलं होतंस, "आई, हे कुठलं अक्षर?" मी तुझ्या बोटांवर फटका मारला होता. तुला वाटलं असेल, हात मळके होते म्हणून. तो फटका आजही माझ्या हाताला लागतो.

गुमेसनचा पुतण्या लिहितो की तिकडे अक्षरशत्रू माणसाचंही लग्न लागतं, आणि पाद्री घरी येऊन विचारत नाही. इथलं तुला माहीत आहे. राजाचा आणि देवाचा हुकूम, प्रत्येकाने देवाचं पुस्तक आपल्या डोळ्यांनी वाचायचं, गुराख्याने आणि मोलकरणीनेसुद्धा. वरती कुणी कुणाची वकिली करणार नाही म्हणे. वाचता आलं नाही तर प्रभुभोजन नाही, आणि प्रभुभोजन नाही तर लग्न नाही. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. सहाव्या वर्षी मी हंस राखायला लागले. हंसांनी मला काही शिकवलं नाही. पण कान मात्र असे मिळाले की दुसरीने एकदा वाचलेलं पान मी चरख्यावर बसून म्हणून दाखवायचे. पंधराव्या वर्षी पाद्रीसाहेबांपुढे पुस्तक उघडून धरलं आणि घडाघडा म्हटलं. ते तेव्हाच अर्धे आंधळे होते. त्यांनी "उत्तम" लिहिलं. त्या "उत्तम"वर तुझ्या बापाशी माझं लग्न लागलं. मग एकदा उत्तम झालेल्या बाईने शिकायला कुणाकडे जायचं?

आता ती गोष्ट. त्या वर्षी सप्टेंबरअखेर मिखेलच्या सणाला तू लोखंडाच्या भट्टीवर कोळसा पाडायला गेला होतास. प्रार्थना संपल्यावर मास्तरांनी मला दोन कागद दिले, म्हणाले, "दोन्ही होकानसाठी." तुझा देवी टोचल्याचा दाखला मीच मागितला होता. दोन्ही घडी घातलेले, दोन्हींवर लाख. मला वाटलं, दाखल्याला दोन पानं असतील. शेजारी गुमेसनची बायको सारा-लिसा उभी, तिच्यासमोर "हे काय आहे" असं कसं विचारू? मी मान डोलावली आणि कागद जपून राहावेत म्हणून स्तोत्रांच्या पुस्तकात ठेवले. तू नाताळला आलास, भट्टी बंद झाली होती, दाखला नको होता. मी विसरले.

फेब्रुवारीत तू ते पुस्तक फळीवरून काढलंस आणि तिचं पत्र जमिनीवर पडलं. तिने लिहिलं होतं, जोडेवाल्याने मागणी घातली आहे, ऑक्टोबरअखेर आलास तर मी त्याला नाही म्हणते. तोपर्यंत तिचं लग्न होऊन दोन महिने झाले होते.

"आई, तू हे लपवलंस," तू म्हणालास. "लाखही मोडली नाहीस. अक्षर ओळखलंस आणि दडपलंस."

घरात आपण दोघंच होतो. "मला वाचता येत नाही," एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. आणि मी म्हटलं, "हो. लपवलं."

होकान, तुझ्यासमोर अडाणी ठरण्यापेक्षा दुष्ट ठरणं मला सोपं वाटलं. दुष्ट आयांचे मुलगे निदान रागाने आठवण काढतात. अडाणी आईवर तू हसला असतास. असं मला तेव्हा वाटलं. तू हसला नसतास हे मला तू बोटीत बसल्यावर कळलं.

मास्तरांनी मागचं पत्र टपालात टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लिंगनबेरीचा मुरंबा घेऊन लोविसाकडे गेले. ती राईची कणीक मळत होती. मी दारातच सगळं सांगितलं. तिने हात धुतले, एकेक बोट करून. मग बरणी उचलून दाराबाहेर ठेवली आणि म्हणाली, "निघा, मावशी."

एकोणीस दिवस ती माझ्याशी बोलली नाही. विसाव्या दिवशी आली, बगलेत पोरांचं अक्षरांचं पुस्तक, ते शेवटच्या पानावर कोंबड्याचं चित्र असतं ना, तेच.

"लोक मला काय म्हणतात, तुमच्या कानावर आहे?"

"आहे."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"बसले."

"मी तुम्हाला शिकवते. पण घरपरीक्षेत उभं राहून हे सगळ्यांसमोर सांगायचं."

"लोविसा, माझं नाव जाईल गं."

"माझं गेलंच आहे की. बघा बरं, काही मेले का लोक त्याने?"

(मी असं बोलले होते, पण जरा सौम्यपणे. – लो.)

सौम्यपणे बोलली नव्हती. असो. तेव्हापासून शिकते आहे. अठ्ठावन्न वर्षांची शाळकरी पोर! अडचण अशी की मला सगळं पाठ. डोळा पहिल्या अक्षरावर जायच्या आत जीभ ओळीच्या शेवटाला पोचते. म्हणून ही बया कागदाला भोक पाडून तेवढंच एक अक्षर दाखवते. शब्द आले तर म्हणाली, आता शेवटच्या शब्दापासून मागे वाचा. देवाचं पुस्तक उलटं वाचताना मला पहिल्यांदा घाम फुटला. मग एका संध्याकाळी "पाणी" हा शब्द कागदावरून उठून माझ्याकडे आला. मला तो पाठ नव्हता, मला तो दिसला! मी रडले आणि लाल गायीला जाऊन सांगितलं. (ती अजून आहे.)

पोरांना सांगतात ना, नीट वाचलं तर पुस्तकातला कोंबडा खाऊ देतो. त्या दिवशी कोंबड्याच्या पानाखाली साखरेचा खडा होता. लोविसा म्हणते, तिने ठेवला नाही.

घरपरीक्षा फेब्रुवारीत आहे. मला भीती वाटते. हेही लिही म्हटलं तिला.

तुझी आई. खाली तीच तीन रेघांची खूण.


मोसरीड
२८ फेब्रुवारी १८५८

होकान, माझ्या लेका,

झालं. सगळं सांगते, थांब, लोविसाला लेखणी नीट करू दे.

या वर्षी मान गुमेसनच्या घराचा होता. सारा-लिसाने आठ दिवस वाळूने जमीन घासली, वर जुनिपरच्या डहाळ्या कापून पसरल्या, सगळं घर जंगलासारखं वासाचं. आत ओस्तकाका, आपला तो दुधाचा केक, भाजत ठेवलेला, कॉफीची किटली उकळती. म्हणजे आधी आत्म्याची झडती आणि मग पोटाची पूजा, नेहमीप्रमाणे. पुरुष एका बाजूच्या बाकांवर, बायका दुसऱ्या. लोविसा दाराजवळ एकटीच, बाकावर दोघींची जागा मोकळी सोडून.

मी आत शिरले, सारा-लिसाने आपल्या शेजारची जागा दाखवली. मी सरळ जाऊन लोविसाशेजारी बसले. खोलीत कुजबुज सुरू झाली.

पाद्री एक्मान टेबलाशी, पुढ्यात ती मोठी वही. आधी पोरं झाली, मग नोकरमाणसं, मग गुमेसन. गुमेसन छान वाचतो. हल्ली तर वर्तमानपत्रही वाचतो आणि जहागिरीच्या कारभाऱ्याशी कायद्याचं कलम दाखवून भांडतो. मला वाटतं, ज्या राजाने आम्हाला वाचायला लावलं त्याची समजूत अशी होती की आम्ही देवाचं तेवढं वाचू आणि पुस्तक मिटून ठेवू. माणसाला एकदा दार उघडता आलं की तो घरातल्या सगळ्या खोल्या हिंडतो. बरं झालं!

मग माझं नाव आलं.

"इंग्री पेर्सदोत्तर," पाद्रीसाहेब हसून म्हणाले, "तुमची कीर्ती ऐकून आहे. चाळीस वर्षं उत्तम!"

मी उठले. जुनिपरच्या काड्या पायाखाली वाजल्या.

"पाद्रीसाहेब, ती खूण माझ्या कानांना मिळालीय, डोळ्यांना नाही. मला वाचता येत नव्हतं. एक अक्षरही. मी चाळीस वर्षं उघड्या पुस्तकासमोर पाठ म्हणत आले."

मास्तर लिंडरूथ ताडकन उठले. "अशक्य! मी स्वतः ऐकलंय तिला!"

"ऐकलंत ना, मास्तर? तेच म्हणतेय मी."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सारा-लिसाने कमरेवर हात ठेवले. "अगंबाई! आणि माझ्या पोरांना ओरडायची कोण? 'अक्षरं गिळू नका रे, अक्षरं गिळू नका!'"

"मीच ओरडायचे. ज्याला जेवायला नसतं तोच दुसऱ्याचं उष्टं टाकलेलं बघतो, सारा-लिसा."

सारा-लिसाला गप्प बसलेलं मी जन्मात दुसऱ्यांदा पाहिलं, पहिली वेळ तिच्या लग्नात होती.

"आणखी एक आहे," मी म्हटलं. "माझा मुलगा सहा वर्षांपूर्वी देश सोडून गेला. तुम्ही सगळे म्हणता, या लोविसाने त्याला फसवलं. तिने त्याला पत्र लिहिलं होतं, वेळेत. ते माझ्या हातात आलं. वर माझ्या मुलाचं नाव होतं आणि मला ते वाचता आलं नाही. पाच महिने ते माझ्या स्तोत्रांच्या पुस्तकात पडून राहिलं. दर रविवारी मी ते पुस्तक हातात धरून गात होते. मुलाने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, आणि तुम्ही हिला नावं ठेवलीत तेव्हा गप्प राहिले. जी काही नावं ठेवायची ती इथून पुढे मला ठेवा. माझ्या घराचं दार रुंद आहे, सगळी मावतील."

मी लोविसाकडे पाहिलं नाही. (मावशींनी पाहिलं असतं तर बरं झालं असतं. – लो.)

पाद्रीसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तरुण आहेत, असं काही पुस्तकात शिकवलेलं नसावं. म्हणाले, "बाई, हे मला वहीत लिहावं लागेल. आणि वाचायला शिकेपर्यंत प्रभुभोजन..."

"आता येतं."

"काय?"

"वाचता येतं. हिने शिकवलं. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, मी चाळीस वर्षांची खोटारडी आहे. मला असं पान द्या जे कुणालाच पाठ नसतं."

गुमेसन मोठ्याने म्हणाला, "नावांचं पान द्या, पाद्रीसाहेब! ते मला बघूनसुद्धा वाचता येत नाही!"

सगळे हसले, आणि पाद्रीसाहेबही हसले. त्यांनी पवित्र पुस्तक उघडून माझ्यापुढे ठेवलं. तेच पान, होकान, येशूच्या वंशावळीचं! अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा, चाळीसच्या वर पिढ्या, एकेक नाव जिभेला गाठ मारणारं. चर्चमध्ये ते वाचायची वेळ आली की म्हातारे पाद्रीसाहेब खोकून पुढच्या पानावर जायचे. मी ते धड कधी ऐकलेलंच नव्हतं. माझे कान तिथे काही कामाचे नव्हते.

मी बोट ठेवलं आणि सुरू केलं.

पहिली तीन नावं सोपी. चौथ्याला अडले. कुणीतरी म्हणालं, "बसा आता." मी बसले नाही. अक्षर, अक्षर, अक्षर, आणि नाव झालं! पुढचं. त्याच्या पुढचं. त्या सगळ्या बापांच्या रांगेत मध्येच कुठेतरी बायका येतात, चार-पाचच, तिथे मी मुद्दाम आवाज चढवला. एका राजाच्या नावाशी मी इतका वेळ घेतला की मास्तर लिंडरूथना राहवेना, त्यांचे ओठ हलायला लागले.

"मास्तर, तोंड मिटा," मी म्हटलं. "माझं आहे ते."

आणि मी वाचलं ते. शेवटपर्यंत वाचलं. बाहेर घोडे खिंकाळले, ओस्तकाका करपल्याचा वास आला, पण सारा-लिसा जागची उठली नाही. मला त्या एकाही माणसाची माहिती नव्हती. पण बाप, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा, असं वाचता वाचता एका जागी मला वाटलं, आता तुझं नाव येणार. आणि तेवढा एक शब्द मी गिळला. सारा-लिसा ओरडली, "अक्षरं गिळू नका, इंग्रीबाई!"

असा हशा पिकला म्हणून सांगू! मी हसले, लोविसा हसली, मास्तरसुद्धा डोळे पुसत हसले. शेवटचं नाव वाचून मी पुस्तक मिटलं आणि मला वाटलं, आत्ता या क्षणी मी छपरावर चढून मोसरीडच्या सगळ्या दगडांना ओरडून सांगावं.

पाद्रीसाहेबांनी वही ओढली. जुनी खूण रेघ मारून रद्द केली आणि नवी केली. मी वाकून पाहिली. मला ती वाचता आली! "बरं वाचते" असं होतं.

चाळीस वर्षं खोटं "उत्तम" बाळगलं, आता खरं "बरं" मिळालं. हे मी कुणाला विकणार नाही.

"येत्या रविवारी प्रभुभोजनाला या," ते म्हणाले.

कॉफीच्या वेळी सारा-लिसा ओस्तकाका घेऊन आली. करपलेला तुकडा माझ्या ताटलीत घातला, "तुझ्या राजांमुळे करपला, तूच खा," म्हणाली. चांगला तुकडा तिने लोविसाला दिला आणि तिच्या शेजारी बसली. नुसती बसली. आणि रविवारी चर्चमध्येही तिथेच बसली. तिच्या मागोमाग बाकीच्या. मोसरीडमध्ये क्षमा मागायची हीच रीत आहे.

(मावशी थकल्या आहेत. पुढचं माझ्याकडून: तुझ्या आईने जे केलं ते मला जमलं नसतं. – लो.)

तुझी आई. खूण.


मोसरीड
२७ जून १८५८

होकान

हे पत्र मी लिहिते आहे. अक्षर वाकडं आहे. हसायचं तर हस. आता चालेल.

तुझं पत्र, माझ्या डिसेंबरच्या पत्राचं उत्तर, रविवारी आलं. मास्तरांनी चर्चबाहेर दिलं. म्हणाले, या बसा, वाचून दाखवतो. मी म्हटलं, मास्तर, तुम्ही चष्मा विसरला असाल तर मीच तुम्हाला वाचून दाखवते. ते गोरेमोरे झाले. मग हसले.

घरी आणलं. तीन दिवस लागले. छापलेलं सोपं असतं, तुझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं. पण वाचलं. सगळं.

तू लिहितोस, आई, सहा वर्षं मी तुझ्यावर रागावलो आणि राग चुकीच्या बाईवर होता, तशी बाई कधी नव्हतीच. ती ओळ मी सात वेळा वाचली. आता ती पाठ आहे. पण आधी वाचली, मग पाठ झाली. हा क्रम बरोबर आहे ना?

शेवटी विचारतोस, आई, हे तुला कोण वाचून दाखवतंय?

कुणी नाही. मी.

तुझ्या पत्राच्या आत दुसरं एक पत्र होतं. लहान घडी, वर लाख. वर नाव होतं. ते नाव मी रविवारीच वाचलं, तुझ्या पत्राच्या आधी. लोविसा.

दूध चुलीवर होतं. ते मी उतरवलं नाही. पुस्तकात ठेवलं नाही, खिशातही नाही. हातात धरून धावले. या वयात, होकान! गुमेसनच्या कुंपणावरून उडी मारली. निदान मला तरी वाटलं की मारली. सारा-लिसा म्हणते, मी पडले.

लोविसा परसात कपडे वाळत घालत होती. मी तिच्या हातात दिलं. म्हटलं, हे तुझं आहे. आजच आलं आहे.

तिने लाख मोडली. मी पाठ करून उभी राहिले आणि तिच्या मुलीला कुंपणावरचे दगड मोजून दाखवले. मग लोविसा म्हणाली, मावशी, आत या, कॉफी करते. आवाज वेगळा होता. चांगला होता.

घरी आले तेव्हा दूध उतू जाऊन चूल विझली होती. मला फार आनंद झाला.

तिचं उत्तर याच पाकिटात आहे. तिने लाख लावली नाही. म्हणाली, असू दे, तुमच्याकडेच आहे. चार दिवस ते टेबलावर उघडं पडलं आहे, मी येता-जाता बघते.

मी ते वाचलेलं नाही. आता मला वाचता येतं, होकान, तरी वाचलेलं नाही.

तुझी आई
इंग्री पेर्सदोत्तर
स्वतःच्या हाताने